संयोगिता बोलते ती भाषा

फवारणीचा ब्लोअर बंद करून कृष्णात खराडे ट्रॅक्टरवरून खाली उतरला, तोंडावरचा फडका सोडला आणि समोरच्या द्राक्षवेलीकडं बघत खड्या आवाजात म्हणाला, "पोदो, पोदास, पोदा."

बांधावरून निघालेला त्याचा चुलतभाऊ सूरज जागीच थांबला.

"कुणाला श्या द्याय लागलाईस रं?"

"श्या न्हाईत गड्या. छाटतो, छाटतोस, छाटतो. स्पॅनिश हाय."

"का, ह्या येलांना मराठी कळंना झाली व्हय?"

कृष्णात हसला, पण थांबला नाही. पोदामोस, पोदान. छाटतो आम्ही, छाटतात ते. शाळेत असताना तेराच्या पुढचा पाढा कधी धड पाठ न झालेला हा माणूस पस्तिशीला टेकल्यावर परक्या मुलखाची क्रियापदं चालवत होता, आणि त्याला कारण तसंच होतं. त्याची बायको संयोगिता पेरू देशात नोकरीला होती.

संयोगिता रहिमतपूरची. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळं पोरीला शिकवायचं म्हणजे शिकवायचंच असा घरात दंडक होता. तिनं फळबागेच्या शास्त्रात एम.एस्सी. केलं आणि लग्न होऊन तासगावकडं आल्यावर तिथल्या एका खाजगी प्रयोगशाळेत ती काडी तपासणीचं काम करायला लागली. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागायतदार वेलीच्या काड्या बांधून आणत. संयोगिता एकेका काडीवरचा डोळा उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि आत घड लपलाय की नुसतीच पालवी आहे ते बघायची. कितव्या डोळ्यावर कात्री मारायची ते तिच्या बघण्यावर ठरायचं. ती सांगे, बागायतदार मान डोलवत, आणि संध्याकाळी कृष्णात तिला न्यायला मोटारसायकलवरून आला की तेच बागायतदार त्याला बाजूला घेऊन विचारत, "मालक, तुमचं काय मत हाय?" कृष्णात मत देई. घरच्या बागेतही तसंच चालायचं. जेवताना संयोगिता हळूच सांगायची, सकाळी कृष्णात तेच छाटणीवाल्या मजुरांच्या टोळीला सांगायचा. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही, त्यालाही नाही.

मग तिनं एक दिवस कॉम्प्युटरवरून मुलाखत दिली, आणि पेरूतल्या इका नावाच्या भागात द्राक्षाच्या एका मोठ्या कंपनीत तिला दोन वर्षांची नोकरी लागली.

"पेरूच्या देशात द्राक्षं कशी गं पिकवत्यात?" कृष्णातची आई साळूबाई भाबडेपणानं म्हणाली, आणि सगळं घर हसून लोळलं. त्या हसण्यातच होकार होऊन गेला. दुसऱ्या वर्षी तोडणीच्या हंगामात कृष्णातनं तिकडं जायचं, तिच्याबरोबर राहायचं, तिथली शेती बघायची, असं ठरलं. निघताना ती म्हणाली, "पर भाषा शिकून या. न्हाईतर मुक्यागत बसून ऱ्हावं लागंल." सुरुवातीला ती स्वतः तशीच बसली होती, हे तिनं नंतर सांगितलं.

बेदाण्याच्या सौद्यात ओळख झालेल्या एका व्यापाऱ्यानं त्याला सांगलीतल्या त्रिशला मगदूम यांचा पत्ता दिला. विश्रामबागेत, बंगलीच्या पुढच्या खोलीत त्या दर रविवारी शिकवणी घेत. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, आवाज शांत. खोलीत एक पांढरा फळा, चार खुर्च्या, आणि खिडकीजवळच्या आरामखुर्चीत त्यांचे वडील आदगोंडा. हळदीचे जुने व्यापारी. आता ऐंशी उलटलेली, पण कान तिखट.

"स्पॅनिश क्रियापदाला शेवटी शेपूट असतं," त्रिशला मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं. "आर, एर नाहीतर ईर. ते काढून टाकायचं. उरलं त्याला, कोण करतंय ते बघून, नवं शेपूट लावायचं."

"छाटणीच झाली की मॅडम ही," कृष्णात म्हणाला. "जुना शेंडा मारायचा, मग तिथनं नवी फूट."

मॅडमना ते आवडलं. त्यांनी पुस्तकातलं पहिलं क्रियापद सोडून त्याच्यासाठी फळ्यावर 'पोदार' लिहिलं, छाटणे. मग आब्लार, बोलणे. आब्लो, आब्लास, आब्ला.

"आब्लो म्हंजे बोलतो. आनी 'बोलते' कसं म्हणायचं?"

"तेही आब्लोच. बाई असो की बाप्या, शेपूट एकच."

"मग कळायचं कसं, कोण बोलतंय?"

खिडकीकडून आदगोंडा म्हणाले, "आवाजावरनं कळतंय की रं पोरा. सोताच्या बायकूचा आवाज वळखत न्हाईस व्हय तू?"

हळूहळू त्यांनाही गोडी लागली. कृष्णात 'खातो' चालवायला लागला की म्हातारबा डोळे मिटून, स्तोत्राच्या चालीत, त्याच्या मागोमाग म्हणत, "कोमो, कोमेस, कोमे." मॅडम हसू दाबत. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवरही त्याच्या कानात तीच चाल घुमत राही.

संयोगिताचा फोन सकाळी यायचा. इकडं दिवस उगवून कृष्णात ड्रिपची मोटर चालू करायला बागेत आलेला असायचा, तिकडं तिची आदल्या दिवसाची जेवणं उरकलेली असायची. "आमच्याकडं अजून कालचीच रात्र हाय," ती म्हणायची, आणि त्याला उगाच वाटायचं की आपण तिच्या पुढं निघून आलोय, जरा थांबलं पाहिजे.

तो तिला धडा म्हणून दाखवायचा. ती खुदूखुदू हसायची.

"ग्राथियास काय! ग्रासियास म्हणा. हितं कुणी जीभ दातात धरत न्हाई. आनी ते 'आब्लाइस' कुठनं काढलं? तुमी लोक बोलता, आसं म्हणायचं आसंल तर हितं 'आब्लान'च म्हणत्यात."

रविवारी त्यानं हे मॅडमना सांगितलं. त्यांचा हात फळ्यावरच थांबला.

"तिकडं तसंच असणार," त्या म्हणाल्या. "मी शिकले ते स्पेनमधलं. वायादोलीदला एक वर्ष होते मी." त्यांनी ती ओळ पुसली नाही. तिच्याभोवती फक्त एक कंस काढला आणि पुढचा शब्द घेतला.

पहिलं वर्ष असं गेलं. माल निघाला, बेदाणा शेडवर गेला, बाग पुन्हा पालवली. संयोगिताचे फोन मात्र थोडके होत चालले. काम वाढलंय, म्हणायची. दमलेली असायची. मराठी बोलता बोलता एखादा शब्द तिला सापडेनासा व्हायचा, मग ती स्पॅनिश शब्द टाकून पुढं जायची. कृष्णात तो शब्द मनात धरून ठेवायचा आणि रविवारी मॅडमना विचारायचा. बायकोनं फोनवर काय सांगितलं ते सांगलीला जाऊन समजून घ्यायचं, याचं त्याला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. रात्रीची भाकरी झाली की तो पायरीवर बसून राही. आई म्हणायची, "आत ये की रं, डास चावत्यात." तो म्हणायचा, "येतो," आणि तिथंच बसायचा. संयोगिताच्या अंगाला येणारा प्रयोगशाळेतल्या औषधाचा वास आठवायचा प्रयत्न करायचा. वास यायचा नाही. वास होता एवढंच आठवायचं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी, कधी नव्हे ते, तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं सकाळ झालेली. "अहो, बघा, हितली तोडणी दावते तुमाला," ती म्हणाली आणि फोन फिरवला. लांबच लांब मांडव, खाली वाळू, पलीकडं वाळूचेच उघडे डोंगर. तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली. "इन्हेनिएरा!" म्हणजे इंजिनिअर बाई. ती "थांबा हं" म्हणाली आणि फोन हातात तसाच धरून वळली.

मग कृष्णातला एक आवाज ऐकू आला. मोठा, मोकळा, पोटातून आलेला. "इथं कापताय तुम्ही, आणि घड कुठं ठेवताय?" असं काहीतरी ती विचारत होती. त्याला निम्मंच कळत होतं. कुणीतरी पुरुष काहीतरी पुटपुटला, त्यावर ती खळखळून हसली, एक लांबलचक वाक्य बोलली, आणि चार-पाच जण तिच्याबरोबर हसले. पडद्यावर नुसती वाळू आणि तिच्या बुटाचं टोक दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "आकी त्राबाहामोस, आकी बीबीमोस." ते त्याला पूर्ण कळलं. इथं काम करतो, इथं राहतो.

"हां, बोला," ती फोनकडं वळून म्हणाली. आवाज पुन्हा नेहमीचा झाला होता, हळू, घरातला.

 लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि कृष्णातनं तिचा तो मोकळा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

तो रविवार उजाडेपर्यंत त्याला कळ निघेना. खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "मॅडम, बीबीमोस म्हंजे 'आमी ऱ्हातो' का 'आपण ऱ्हातो'?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं आसंल? 'आमी' म्हटलं की समोरचा भाईर. 'आपण' म्हटलं की तो आत."

"आपल्यात. त्यांच्यात तो फरक नाही, कृष्णात. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते शेपटावरून नाही कळायचं."

आदगोंडांनी चष्मा काढला. "हिला काय इचारतोस? जी बोलली तिला इचार की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरीच्या पेटीजवळ उभं राहून त्यानं संयोगिताला विचारलं.  तिच्या बाजूला भांड्यांचा आवाज येत होता.

"आमी," ती म्हणाली. "त्यांच्याशी बोलत हुते न्हवं मी. आमी."

"बरं."

"अहो, ऐका. कंपनी आजून तीन वर्सं ऱ्हावा म्हणतीया. मोठं काम देत्यात. तुमाला कसं सांगावं तेच कळंना झालंय मला."

मोटर घुंघुं करत होती. कृष्णातनं ती उगाचच बंद केली.

"कुणी हाय का तिकडं?" त्यानं विचारलं. विचारलं आणि जीभ हासडून टाकावी असं त्याला वाटलं.

संयोगिता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. "कुणी न्हाई हो," ती म्हणाली. "हितं लोक मला इचारत्यात. मला. एवढंच हाय सगळं."

त्यानंतर काही दिवस दोघांचं बोलणं जेवलीस का, आई बऱ्या आहेत का, एवढ्यावर आलं. कृष्णात दोन रविवार सांगलीला गेला नाही. तिसऱ्या रविवारी गेला तो वही न घेता. आदगोंडा आत झोपले होते. मॅडमनी चहा आणला आणि त्याची हकीगत ऐकून घेतली.

"माझी आई आजारी पडली म्हणून मी वायादोलीदहून परत आले," त्या म्हणाल्या. "यायला हवंच होतं. आई वर्षभरात गेली. मग बाबा एकटे, मग राहिलेच मी. पण तुम्हाला सांगते, तुला परत यायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी आलेच असते कदाचित. पण विचारायला हवं होतं." त्यांनी कप बशीत ठेवला. "अजून कधी सकाळी जाग येते ती तिथल्या खोलीत आल्यासारखी येते. चर्चच्या घंटा वाजतील असं वाटतं. मग आपल्या देवळातली वाजते."

कृष्णात उठला तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी वही आणा."

एप्रिलमध्ये संयोगिता तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली. उन्हानं रापली होती, अंगानं जरा भरली होती. साळूबाईंनी शेंगाची पोळी केली. शेजारच्या बायका बघायला आल्या. ती सगळ्यांच्या पाया पडली, पदर सावरून स्वयंपाकघरात शिरली, आणि दोनच दिवसांत तिचा आवाज पहिल्यासारखा झाला. रात्री कृष्णात तिच्या शेजारी पडून तिचा श्वास ऐकत राही. ती जवळ होती, हात लांब केला तर हाताला लागत होती, आणि तरी त्याला तिची आठवण येत होती. वाळूतल्या त्या बाईची. तिला तो अजून भेटलाच नव्हता.

बागेत खरड छाटणी चालली होती. माल निघालेल्या सगळ्या काड्या खरडून काढायच्या आणि वेलीवर सगळी नवी फूट आणायची, असं ते काम. नाथाजीची टोळी आली होती. नाथाजी म्हणजे या भागातला नावाजलेला छाटणीवाला. त्याच्या कात्रीवर पैजा लागायच्या. सूरजही आला होता, आणखी दोघं शेजारी बागायतदार बांधावर गप्पा मारत उभे होते. संयोगिता चहाची किटली घेऊन आली, आणि कप भरता भरता तिची नजर वेलींवर गेली. ती एका ओळीत आत शिरली, वाकून बघितलं, दुसऱ्या ओळीत गेली. मग कृष्णातच्या जवळ येऊन, ओठ न हलवल्यासारखं, हळूच म्हणाली, "मधले ओलांडे मोकळे पडल्यात. तिथली एकेक काडी ठेवून तारंवर आडवी बांधाय सांगा. सगळं खरडलं तर तिथं पुना कायच न्हाई फुटायचं."

ओलांडा म्हणजे वेलीचा तारेवर पसरलेला हात. तो मध्येच उघडा पडला होता, आणि टोळी बरोबर तीच काडी कापून पुढं चालली होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं कृष्णातनं नाथाजीकडं तोंड वळवलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि तो थांबला.

तो बायकोकडं वळला. "तू आब्लास," तो म्हणाला. "यो एस्कूचो." तू बोलतेस. मी ऐकतो.

संयोगिता दचकून त्याच्याकडं बघायला लागली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "काय कराय लागलाय? सगळी बघाय लागल्यात," ती पुटपुटली.

"तू आब्लास."

बांधावरच्यांच्या गप्पा थांबल्या. सूरजनं कप तोंडाशी नेला तो तिथंच राहिला. संयोगितानं किटली खाली ठेवली. दोन पावलं पुढं गेली.

"नाथाजीमामा," ती म्हणाली. पहिला शब्द बारीक निघाला. मग तिनं घसा खाकरला. "मामा, कात्री थांबवा जरा! ह्या ओळीला सगळं खरडायचं न्हाई."

नाथाजीनं मान वर केली. सवयीप्रमाणं त्यानं कृष्णातकडं बघितलं. "मालक?"

"त्यास्नी इचारा," कृष्णात म्हणाला. "बाग त्यास्नी कळती. मी आपलं त्यांनी सांगितल्यालं तुमाला सांगत आलोय इतकी वर्सं."

नाथाजी क्षणभर दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग कात्री कमरेला खोचून म्हणाला, "दावा वैनी. कंची काडी?"

तिनं दाखवली. मग पुढची दाखवली. नाथाजीनं शंका काढली, तिनं ती खोडून काढली, त्यानं दुसरी काढली. उन्हं माथ्यावर येईपर्यंत ती ओळीमागून ओळ फिरत राहिली, पदर कमरेला खोवून, आणि वेलींच्या त्या उघड्याबोडक्या सांगाड्यांतून तो आवाज कृष्णातला ऐकू येत राहिला. मोठा, मोकळा. या खेपेला मराठीत. तो बांधावर बसून ऐकत होता. सूरज काहीतरी चेष्टा करायला त्याच्याजवळ आला आणि त्याचं तोंड बघून न बोलता परत गेला.

त्या रात्री संयोगिता म्हणाली, "मी आजून सई केली न्हाई. तुमी नगं म्हटलं तर न्हाई करत."

"तुला करायची हाय?"

ती रडायला लागली. रडता रडता मान हलवली, व्हय म्हणून.

"मग कर."

"आनी तुमी?"

"मी येतो," कृष्णात म्हणाला, "हंगामाला. जसं ठरलं हुतं तसं."

बोलायला सोपं होतं. तिकडची तोडणी आणि इकडच्या बागेचं भरात येणं एकाच वेळी पडत होतं, म्हणून तर ठरलेल्या वर्षी त्याचं जाणं पुढं ढकललं गेलं होतं. ती परत गेल्यावर कृष्णातनं एका हंगामापुरती बाग सूरजला वाट्यानं दिली. गावात लोकांनी तोंडावर काही म्हटलं नाही, माघारी बरंच म्हटलं. साळूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाल्या, "तिकडं जाऊन तू काय करणार हाईस?"

"ती सांगंल ते."

साळूबाईंनी त्याच्या ताटात ठेचा वाढला. "तुजा बा हुता तवा मला लय वाटायचं, ह्यानं एकदा तरी माज्या माहेरी चार दिस नुसतं ऱ्हावं," त्या म्हणाल्या. "कवा राहिला न्हाई. जा तू."

व्हिसा वेळेवर आला नाही. ऑक्टोबरमध्ये सूरजच्या हुकुमाखाली त्याच्याच बागेची छाटणी झाली, आणि कृष्णात पायरीवर बसून कात्र्यांचा आवाज ऐकत होता. हात नुसते शिवशिवत होते. दिवाळी गेली. संयोगिता तिकडं एकटीच तोडणीला लागली. शेवटी डिसेंबरात कागद आला, तीन महिन्यांचा. सांगलीला निरोप घ्यायला गेला तेव्हा आदगोंडांनी त्याला सगळी क्रियापदं एकदा म्हणायला लावली, आणि मॅडमनी दारापर्यंत येऊन सांगितलं, "तिकडचं जे वेगळं असेल ते मला कळवा. मी लिहून घेईन."

इकाला पोचला तेव्हा संयोगिता बसस्टँडवर उभी होती, डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात शर्ट-पँट. दोघांनाही चारचौघांत काय करावं ते कळेना. मग तिनं त्याची बॅग घेतली, आणि त्यानं ती परत तिच्याकडून घेतली.

दुसऱ्या दिवशीपासून तो तिच्याबरोबर मळ्यात जायला लागला. सगळे तिला विचारत होते, ती सांगत होती, आणि तो मागं उभा राहायचा. माणसं इतकी भरभर बोलत की शेपट्या पकडेपर्यंत वाक्य संपून जाई. कुणी त्याला काही विचारलं की तो संयोगिताकडं बघायचा आणि ती त्याच्या वतीनं उत्तर द्यायची. शेवटी त्यानं एक कात्री मागून घेतली आणि एलविरा नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या ओळीत घड साफ करायला बसला.

जानेवारीत एका सकाळी सूरजनं घरच्या बागेचा व्हिडिओ पाठवला. मण्यांत पाणी फिरायला लागलं होतं, हिरवा रंग उतरून पिवळसर झाक येत होती. मध्ये आडव्या बांधलेल्या काड्यांवरही घड लोंबत होते. पाठीमागं साळूबाई कुणावर तरी ओरडत होत्या. कृष्णातनं तो व्हिडिओ बघितला, पुन्हा बघितला, मग फोन खिशात ठेवला आणि कात्री हातात घेऊन तसाच बसून राहिला. भोवती मैलोगणती द्राक्षं होती. त्याला त्यातला एकही वेल ओळखीचा नव्हता.

एलविरा त्याच्याकडं बघत होती. "एक्स्त्रान्यास?" तिनं मायेनं विचारलं.

शेवटचं 'आस' त्यानं धरलं. आर शेपटाचं क्रियापद आहे, सरळ चालणारं, आणि ही मला म्हणतेय की तू काहीतरी करतोस. काय करतो ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मॅडमच्या फळ्यावर हा शब्द कधी आला नव्हता. संयोगिता पलीकडच्या ओळीत होती. त्यानं तिला हाक मारली.

"एक्स्त्रान्यार म्हंजे काय गं?"

ती मांडवाखालून वाकून इकडं आली. त्याच्या तोंडाकडं बघितलं, एलविराकडं बघितलं.

"आठवण येणं," ती म्हणाली. "जीव तुटणं कुणासाठी. तुमच्या मॅडमच्या स्पेनमधी दुसरं म्हणत्यात वाटतं. हितं हे."

कृष्णातनं मनातल्या मनात शेपूट काढलं आणि लावलं. मग एलविराकडं वळून, जपून, म्हणाला, "एक्स्त्रान्यो."

म्हातारीनं मान डोलवली आणि ती पुन्हा कामाला लागली. संयोगिता उभीच राहिली. वाळूवरून वारा येत होता. तिनं टोपी काढली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसला.

"घराकडची?"

"व्हय."

"मलाबी येती," ती म्हणाली. "रोज येती. फोनवर बोलत न्हवते मी कवा, तुमाला वाईट वाटंल म्हणून."

कृष्णात बाजूला सरकला आणि पालथ्या क्रेटवर तिच्यापुरती जागा केली. तिला पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं. ती "आलेच" म्हणाली, मराठीत, मोठ्यानं, आणि थोडा वेळ त्याच्याजवळ बसली.